रचना आधी की कार्य? : १८३० चा क्युव्हिए–जॉफ्रुआ वाद आणि त्याची चार वाचने

प्रस्तावना

उत्क्रांतिसिद्धान्ताचा इतिहास सांगताना डार्विनपूर्व काळ बहुधा दोन-चार परिच्छेदांत आटोपला जातो. लामार्कचा जिराफ, क्युव्हिएचे प्रलय आणि लगेच १८५९ साली प्रसिद्ध झालेला डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ, असा हा क्रम असतो. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत १८३० साली जॉर्ज क्युव्हिए (१७६९–१८३२) आणि एत्येन जॉफ्रुआ सँतिलेर (१७७२–१८४४) यांच्यात झालेल्या वादाला या धावत्या आढाव्यात जागा मिळालीच, तर ती ‘उत्क्रांतीचा विरोधक’ आणि ‘उत्क्रांतीचा अग्रदूत’ यांच्यातील चकमक म्हणून मिळते. अकादमीत क्युव्हिए जिंकला, पण काळाने न्याय दिला तो जॉफ्रुआला, असा या कथेचा शेवट केला जातो.

ही कथा सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे वादातील मूळ प्रश्न झाकला जातो. प्राण्यांच्या जाती बदलतात की नाही, हा १८३० च्या वादाचा विषयच नव्हता. दोन भिन्न प्राण्यांचे दोन अवयव ‘समान’ आहेत असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे, हा तो प्रश्न होता. प्रस्तुत निबंधात या वादाचे स्वरूप मांडून गटे, डार्विन, ई. एस. रसेल आणि टोबी अपेल यांनी केलेली त्याची चार वाचने तपासली आहेत. समानतेचा विचार समान पूर्वजाची कल्पना हाताशी नसताना केला गेला, यातच या वादाचे मोल आहे. आणि उत्क्रांतीच्या चष्म्यातून त्याकडे पाहिल्यास नेमके तेच मोल हरवते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. वादाची भूमी

दोन्ही पक्ष एकाच संस्थेत वाढले. पॅरिसचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय १७९३ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, नव्या स्वरूपात स्थापन झाले. तेथे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली तेव्हा जॉफ्रुआ अवघा एकवीस वर्षांचा होता. त्या वेळी नॉर्मंडीत एका कुटुंबात खाजगी शिक्षक म्हणून काम करणाऱ्या क्युव्हिएला पॅरिसला येण्यासाठी उत्तेजन देणाऱ्यांमध्ये जॉफ्रुआ प्रमुख होता. क्युव्हिए १७९५ साली आला आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून काही निबंधही लिहिले. पस्तीस वर्षांनी भर सभेत एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोघे प्रारंभी स्नेही आणि सहकारी होते.

या संग्रहालयाचे वैभव बऱ्याच अंशी राज्यविस्ताराचे फळ होते. फ्रेंच सैन्याने हॉलंडमधून आणलेल्या संग्रहातील कवट्यांचा उपयोग करून क्युव्हिएने १७९६ साली आशियाई आणि आफ्रिकी हत्ती या दोन भिन्न जाती असल्याचे आणि मॅमथ हा या दोहोंहून निराळा, नष्ट झालेला प्राणी असल्याचे दाखवले. जॉफ्रुआ १७९८ ते १८०१ या काळात नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तमध्ये होता. त्या मोहिमेतून आलेल्या आयबिस पक्ष्यांच्या ममी आजच्या आयबिसशी ताडून पाहून क्युव्हिएने हजारो वर्षांत त्यांच्यात फरक पडला नसल्याचा निर्वाळा दिला. भारतही या जाळ्याबाहेर नव्हता. क्युव्हिएचा सावत्र मुलगा आल्फ्रेद द्युव्होसेल याने चंदननगर येथे राहून पॅरिसला प्राण्यांचे नमुने धाडले. क्युव्हिएने १८२३ साली बारशिंग्याला दिलेल्या शास्त्रीय नावात त्याचे नाव आजही टिकून आहे. जगभरचे सांगाडे असे एका छपराखाली शेजारी-शेजारी आले, तेव्हाच कशाला कशासारखे म्हणावयाचे, हा प्रश्न टाळता न येण्याजोगा झाला.

२. दोन दृष्टी

क्युव्हिएच्या दृष्टीने प्राणी म्हणजे चालते यंत्र. त्याचा कोणताही भाग इतरांपासून तोडून समजत नाही. ज्याचे आतडे मांस पचविण्याजोगे आहे, त्याचे दात मांस फाडणारे, जबडा बळकट, पाय भक्ष्याचा पाठलाग करण्याजोगे आणि ज्ञानेंद्रिये ते दुरून हेरणारी असलीच पाहिजेत. एरवी तो प्राणी जगूच शकणार नाही. यालाच त्याने अस्तित्वाच्या अटी आणि अवयवांचा परस्परसंबंध असे म्हटले. रचना ही कार्याची दासी होय, असे या भूमिकेचे सार सांगता येईल. या दृष्टीतूनच १८१२ साली त्याने प्राणिसृष्टीचे पृष्ठवंशीय, मृदुकाय, खंडयुक्त आणि अरीय असे चार विभाग केले आणि १८१७ च्या ‘ल रेन्य आनिमाल’ या ग्रंथात ते विस्ताराने मांडले. या चार विभागांमध्ये चार भिन्न आराखडे आहेत आणि एकातून दुसऱ्यात जाण्यास वाट नाही, असे त्याचे ठाम मत होते.

जॉफ्रुआची दिशा उलटी होती. माणसाचा हात पकडतो, घोड्याचा पुढचा पाय धावतो, वटवाघळाचा पंख उडतो आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा पुढचा अवयव पोहतो. चारही कार्ये भिन्न आहेत. तरीही चारही ठिकाणी हाडांची मांडणी एकाच क्रमाने येते. म्हणून कार्य बाजूला ठेवावे आणि अवयवाची ओळख त्याच्या शेजाऱ्यांवरून पटवावी, असे त्याने सुचविले. अवयव वाढेल, खुरटेल, प्रसंगी नाहीसाही होईल, परंतु शेजार बदलणार नाही, हे त्याचे ‘संबंधांचे तत्त्व’ होय. या तत्त्वाच्या आधारे सर्व प्राण्यांच्या घडणीमागे एकच आराखडा आहे, असे तो म्हणू लागला. १८१८ साली ‘फिलॉसॉफी आनातोमिक’ या ग्रंथात त्याने माशांच्या कल्ल्यांवरील झाकणाची हाडे आणि सस्तन प्राण्यांच्या कानातील इवली हाडे समान असल्याचा दावा केला. १८२२ साली तो आणखी पुढे गेला. शेवंडासारख्या संधिपाद प्राण्यात चेतारज्जू पोटाच्या बाजूला असतो आणि पृष्ठवंशीयांत पाठीच्या बाजूला. तेव्हा एकाला उलथा केला की दुसऱ्याची मांडणी मिळते, असे त्याने मांडले.

या दोन भूमिकांपैकी एक ‘वैज्ञानिक’ आणि दुसरी ‘काल्पनिक’ असा निवाडा करणे सोपे नाही. क्युव्हिएची गाजलेली यशेसुद्धा त्याच्या स्वतःच्या तत्त्वातून पूर्णपणे निघत नाहीत. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र येथील जिप्समच्या खडकात सापडलेल्या एका लहान सांगाड्याचे दात पाहून त्याने तो ऑपॉसमसारखा शिशुधान प्राणी असल्याचे ओळखले आणि दगड कोरून शिशुधान प्राण्यांना असणारी कटिभागाची विशेष हाडे साक्षीदारांसमोर उघडी करून दाखवली. हा प्रसंग त्याच्या पद्धतीचा विजय म्हणून सांगितला जातो. परंतु त्या दातांना त्या हाडांची कार्यदृष्ट्या काय गरज आहे? दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, हे केवळ अनुभवाने माहीत होते. क्युव्हिएचे असे निष्कर्ष कार्याच्या अपरिहार्यतेवर नव्हे तर निरीक्षणातील सातत्यावर उभे असतात, ही टीका टी. एच. हक्सलीने १८५६ साली केली होती. म्हणजे कार्याचा पुरस्कर्ता क्युव्हिएही व्यवहारात आराखड्याचाच आधार घेत होता.

३. १८३० : माकूळ आणि कंठास्थी

ठिणगी पडली ती मृदुकाय प्राण्यांवरून. मेरां आणि लोरांसे या दोन फारशा परिचित नसलेल्या अभ्यासकांनी अकादमीला एक निबंध सादर केला होता. पृष्ठवंशीय प्राणी पाठीकडे दुमडून त्याची मान कटिभागाला टेकवली, तर त्याच्या अंतर्गत अवयवांची मांडणी माकूळ-वर्गातील प्राण्यांसारखी होते, असा त्यांचा दावा होता. जॉफ्रुआने १५ फेब्रुवारी १८३० रोजी या निबंधावर अनुकूल अहवाल वाचला आणि त्यात क्युव्हिएच्या विभागणीला छेद देणारी विधाने केली. आठवड्याने, २२ फेब्रुवारीला, क्युव्हिए आकृत्या घेऊन उभा राहिला. मेंदू, हृदय, यकृत हे अवयव दोन्हींकडे आहेत हे त्याला मान्य होते. परंतु ते वेगळ्या रीतीने मांडलेले आहेत, त्यांची घडण निराळी आहे आणि एकीकडचे काही अवयव दुसरीकडे नाहीतच, हे त्याने एकामागून एक दाखवले.

क्युव्हिएचा सर्वांत धारदार आघात मात्र शरीररचनेवर नव्हे, शब्दांवर होता. ‘घडणीची एकता’ म्हणजे नेमके काय, असे त्याने विचारले. सर्व प्राण्यांत तेच अवयव त्याच मांडणीत आहेत असा अर्थ असेल, तर ते उघड असत्य आहे. प्राण्यांमध्ये कमी-अधिक साम्य आहे एवढाच अर्थ असेल, तर ते अॅरिस्टॉटलपासून सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे दावा एक तर खोटा किंवा जुना. या पेचातून जॉफ्रुआला समाधानकारक रीतीने सुटता आले नाही.

त्याने रणभूमी बदलली आणि चर्चा कंठास्थीकडे नेली. जिभेच्या मुळाशी असणाऱ्या या रचनेत मांजराच्या ठिकाणी हाडांचे तुकडे अधिक, तर माणसाच्या ठिकाणी कमी असतात. माणसातील उणे तुकडे नाहीसे झालेले नसून अस्थिबंधाच्या आणि कवटीला जोडलेल्या काट्यासारख्या उंचवट्याच्या रूपाने आपल्या जागी उभे आहेत, असे जॉफ्रुआचे म्हणणे होते. क्युव्हिएने तुकड्यांची संख्या आणि जोडणी प्राण्यागणिक कशी बदलते, याची यादी समोर ठेवली. एकाने साखळी मोजली, दुसऱ्याने साखळीतील जागा मोजल्या. एप्रिलच्या प्रारंभी अकादमीतील चर्चा थांबली आणि जॉफ्रुआने त्याच वर्षी आपली बाजू ‘प्रँसिप द फिलॉसॉफी झोओलॉजिक’ या पुस्तकात छापली. ज्यांच्या निबंधावरून वाद उसळला, ते दोन अभ्यासक मात्र या धुरळ्यात मागे पडले.

४. चार वाचने

(अ) गटे : ‘शाकुंतला’च्या प्रशंसेमुळे मराठी वाचकांना परिचित असलेला हा जर्मन कवी स्वतः शरीररचनेचा अभ्यासक होता. माणसाच्या वरच्या जबड्यात आंतरहन्वस्थीच्या खुणा असल्याचे त्याने १७८४ सालीच दाखवले होते. एकरमानने प्रसिद्ध केलेल्या आठवणींनुसार, ऑगस्ट १८३० च्या प्रारंभी भेटीस आलेल्या स्नेह्याला तो मोठ्या उत्साहाने पॅरिसमध्ये उसळलेल्या ज्वालामुखीविषयी सांगू लागला. पाहुण्याला वाटले की हे जुलैमधील राज्यक्रांतीविषयी आहे. गटेच्या मनात होता तो अकादमीतील वाद. त्याने जॉफ्रुआच्या पुस्तकाचे दोन भागांत परीक्षण लिहिले. पहिला भाग १८३० साली आणि दुसरा १८३२ साली, त्याच्या मृत्यूच्या सुमारास, प्रसिद्ध झाला. एक पक्ष तपशिलाकडून समग्राकडे जाणारा आणि दुसरा समग्र मनात ठेवून तपशील पाहणारा, अशी त्याने या दोन वृत्तींची मांडणी केली आणि विज्ञानाला दोहोंची गरज असल्याचे सांगितले. ‘सामग्री’, ‘रचणे’, ‘आराखडा’ हे फ्रेंच शब्द सुताराच्या कामाला शोभणारे आहेत, सजीवाला नव्हेत, हे त्याने नेमके टिपले. मात्र वादाचे रूपांतर दोन स्वभावांच्या भेदात केल्यामुळे कोणाचा पुरावा कुठे अपुरा पडतो, हा प्रश्न त्याच्या वाचनात मागे राहिला.

(आ) डार्विन : ‘ओरिजिन’च्या सहाव्या प्रकरणाच्या अखेरीस डार्विनने आराखड्याची एकता आणि अस्तित्वाच्या अटी हे सजीवसृष्टीचे दोन मोठे नियम म्हणून एकत्र मांडले आहेत. एकतेचे स्पष्टीकरण त्याला समान वंशात मिळाले आणि अस्तित्वाच्या अटींचे नैसर्गिक निवडीत. यांतील दुसरा नियम श्रेष्ठ, कारण पूर्वीच्या अनुकूलनांच्या वारशातूनच आराखडा तयार होतो, असा त्याचा निर्णय होता. म्हणजे ‘काळाने न्याय दिला जॉफ्रुआला’ या लोकप्रिय निकालाला खुद्द डार्विनचा दुजोरा मिळत नाही. त्याने वरचे स्थान दिले ते क्युव्हिएच्या तत्त्वाला. डार्विनचे हे वाचन अत्यंत समर्थ आहे. पण त्यातून एक अडचणही जन्माला आली. समानता म्हणजे समान वंश असे समीकरण एकदा रूढ झाल्यावर, वंश माहीत नसताना समानता ओळखावयाची कशी, हा १८३० चा प्रश्न सुटल्यासारखा वाटू लागला. प्रत्यक्षात तो सुटला नव्हता, केवळ दृष्टीआड झाला होता.

(इ) रसेल : ई. एस. रसेल यांचा ‘फॉर्म अँड फंक्शन’ हा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. रूप आधी की कार्य, या प्रश्नाभोवती त्यांनी प्राणिरचनाशास्त्राचा सगळा इतिहास गुंफला आणि १८३० चा वाद त्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आणला. उत्क्रांतीच्या आधीचा आणि नंतरचा काळ या विभागणीपेक्षा ही विभागणी अधिक खोल आहे, हे त्यांनी प्रथमच इतक्या विस्ताराने दाखवले. डार्विननंतरही हे दोन प्रवाह वाहतच राहिले, हा त्यांचा मुद्दा आजही टिकून आहे. परंतु रसेल यांचा स्वतःचा कल कार्यवादाकडे होता, त्यामुळे जॉफ्रुआच्या अतिरेकांवर त्यांच्या ग्रंथात जितका प्रकाश पडतो, तितका त्याच्या पद्धतीच्या शिस्तीवर पडत नाही.

(ई) अपेल : टोबी अपेल यांचा या वादावरील ग्रंथ १९८७ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. उत्क्रांतीचा समर्थक विरुद्ध विरोधक हे चित्र चुकीचे असल्याचे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. अकादमीचा स्थायी सचिव असलेल्या क्युव्हिएची संस्थात्मक सत्ता, विज्ञानाने केवळ निश्चित तथ्यांपुरते राहावे की व्यापक तत्त्वांचा शोध घ्यावा यावरील मतभेद, वृत्तपत्रांचा सहभाग आणि पुढच्या पिढीने दोन्ही बाजूंतून साधलेला समन्वय, या सर्वांची मांडणी या ग्रंथात आहे. या वादाचा सामाजिक संदर्भ समजून घ्यावयाचा तर हाच ग्रंथ प्रमाण मानावा लागेल. तरीही वाद का पेटला याचे उत्तर जितके समाधान देते, तितके तो न सुटण्याची तार्किक कारणे देत नाहीत. ‘समान’ या शब्दातील पेच हा केवळ त्या काळच्या पॅरिसचा पेच नव्हता.

५. काळाचा न्याय कोणाला?

नंतरच्या संशोधनाने दिलेला कौल एका बाजूचा नाही. कल्ल्यांच्या झाकणाची हाडे आणि कानातील हाडे यांविषयीचा जॉफ्रुआचा दावा चुकीचा ठरला. कार्ल राइखर्टने १८३७ साली भ्रूणांच्या अभ्यासातून दाखवले की सस्तन प्राण्यांच्या कानातील तीनपैकी दोन हाडे इतर पृष्ठवंशीयांच्या जबड्याच्या सांध्यातील हाडांशी जुळतात. लक्षणीय गोष्ट अशी की जॉफ्रुआला खोटे ठरविणारा हा शोध जॉफ्रुआच्याच पद्धतीने लागला होता. कार्याने भुलून न जाता, शेजार पाहून अवयवाची ओळख पटविणे ही ती पद्धत. फक्त प्रौढ सांगाड्याऐवजी वाढता भ्रूण पाहिला गेला. दुसऱ्या बाजूस, कार्ल अर्न्स्ट फोन बेअर याने भ्रूणविज्ञानाच्या वाटेने १८२८ साली चार मूलभूत प्रकारांचाच पुरस्कार केला होता. म्हणजे तेच शास्त्र क्युव्हिएच्याही बाजूने साक्ष देत होते.

ज्या उलथ्या शेवंडाची कल्पना दीर्घकाळ चेष्टेचा विषय होती, तिला मात्र १९९० नंतरच्या दशकात अनपेक्षित आधार मिळाला. कीटकांत पोटाची बाजू आणि पृष्ठवंशीयांत पाठीची बाजू ठरविणारी जनुके एकमेकांशी नाते सांगणारी आहेत आणि त्यांच्या कार्याची दिशा उलटी आहे, असे आढळले. माकूळ-वर्गीयांचा डोळा आणि माणसाचा डोळा हे स्वतंत्रपणे उपजलेल्या, केवळ कार्याने सदृश अवयवांचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. तरी दोहोंच्या घडणीत पॅक्स-६ या एकाच कुळातील जनुकांचा सहभाग असतो. अशा उदाहरणांसाठी १९९७ साली ‘खोल समजातता’ ही संज्ञा पुढे आली. येथे क्युव्हिएचा प्रश्न पुन्हा उभा राहतो : जनुक समान असेल तर अवयवही समान म्हणावयाचा का? ‘समान’ म्हणजे नेमके काय?

समारोप

रिचर्ड ओवेनने १८४३ साली ‘समजात’ आणि ‘कार्यसदृश’ अवयव यांच्या व्याख्या स्वतंत्रपणे केल्या. आज प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा भेद शिकविला जातो आणि त्यात १८३० चे दोन्ही पक्ष शेजारी-शेजारी नांदत आहेत. मात्र शिकविताना एक तार्किक वर्तुळ सहज तयार होते. समजात अवयव म्हणजे काय? समान पूर्वजापासून आलेले. पूर्वज समान होता हे कशावरून? समजात अवयवांवरून. चाणाक्ष विद्यार्थी या वर्तुळावर बोट ठेवतो तेव्हा त्याला द्यावयाचे उत्तर डार्विनच्या आधीच्या काळात सापडते. समान पूर्वजाचा विचारही न करता, केवळ जागा आणि शेजार यांवरून अवयवांची ओळख पटविण्याची कसोटी जॉफ्रुआने घालून दिली होती. आणि सारख्या गरजेतून सारखी रचना येऊ शकते, हा कार्याचा इशारा क्युव्हिएच्या भूमिकेत होता. ही कसोटी आणि हा इशारा वंशाच्या गृहीतकावर अवलंबून नाहीत, म्हणूनच वंशाचा पुरावा म्हणून त्यांच्यावर विसंबता येते.

जॉफ्रुआला उत्क्रांतीचा अग्रदूत ठरविले की त्याचा गौरव होतो असे वाटते; वस्तुतः त्यामुळे त्याची साक्ष दुबळी होते. जीवाश्म मगरींच्या अभ्यासातून १८२५ नंतर तो जातींच्या रूपांतराकडे वळला हे खरे. परंतु १८३० च्या वादातील त्याचे प्रतिपादन त्या कल्पनेवर उभे नव्हते. क्युव्हिएला केवळ विरोधक ठरविले की, प्राणी जगण्याजोगा असला पाहिजे ही त्याची अट डार्विनने उचलून धरली होती, हे विसरले जाते. सिद्धान्त जन्मण्यापूर्वीच्या प्रतिस्पर्धी मतांचे मूल्यमापन त्या सिद्धान्ताच्या अंतराने करणे, ही केवळ इतिहासलेखनातील चूक नाही. तिच्यामुळे सिद्धान्ताला मिळालेले स्वतंत्र साक्षीदारच साक्षीच्या पिंजऱ्यातून उठवून पक्षकारांच्या बाकावर बसविले जातात. मेलेल्या अभ्यासकांचे त्यातून काही बिघडत नाही. नुकसान होते ते सिद्धान्ताचेच.